७५ मिनिटं, ६० छर्रे: एअर रायफल भरताना या चुका टाळा

नेमबाजीच्या रेंजवर नवीन आलेलं पोरगं हमखास विचारतं, "ताई, व्हिडिओत ते लोक घरी बसून तासाला शेकड्यांनी काडतुसं भरतात. आपण का नाही?" एक तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. दुसरं, आपल्या खेळातली ५.६ मिमीची पॉइंट टू-टू काडतुसं पुन्हा भरतच नाहीत. पेट घेणारा मसाला त्यांच्या बुडाच्या कडेत असतो; पिन बसली की कड चेपली, काम संपलं. स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं तेही असल्याच एकदा वापरून टाकायच्या काडतुसांनी.

आपलं एअर रायफलचं भरणं म्हणजे नळीत ४.५ मिमीचा शिशाचा छर्रा बसवणं. स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे शॉटमागे ७५ सेकंद. छर्रा बसवायला फार तर सात लागतात. ते तीनावर आणायचा खटाटोप बरेच जण करतात. वेळ जातो तो भलतीकडेच.

सगळ्यात जास्त जातो छर्र्यांच्या डबीमुळे. शिसं मऊ, आणि छर्र्याची मागची कड तर नखानं दाबली तरी वाकते. सकाळी दादरला गाडी बदलताना बॅग कुणाच्या पाठीत आणि कुणाच्या कोपराखाली असते, ते सांगायला नको. डबीत जरा जागा मोकळी राहिली की छर्रे कुर्ल्यापासून एकमेकांवर आपटत येतात. मग लेनवर, म्हणजे नेम धरायच्या आपल्या जागी, दर तिसरा छर्रा उजेडात धरून बघत बसायचं. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, त्यामुळे वाकडी कड चालवून घेता येत नाही. झाकणाखाली स्पंजचा गोल तुकडा घाला, हलवल्यावर आवाज आला नाही पाहिजे. निवड आदल्या रात्री उरकायची. मी पांढऱ्या ताटलीत पसरून बघते. वाकडे सरावाला, सरळ स्पंजच्या खाचांत. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या डबीत पांढरट भुकटी धरते, ते छर्रे सरळ फेकून द्या. हात साबणानं धुवा, आणि ताटली पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

दुसरी चूक माझ्याच नावावर आहे. एका स्पर्धेत शेवटची दहा मिनिटं उरली असताना मी छर्रा भरला, श्वास बिघडला म्हणून रायफल खाली घेतली, घाम पुसला आणि वर दुसरा छर्रा भरला. शॉट सुटला तो थेट सातच्या वर्तुळात. तेव्हापासून भरला की डबीचं झाकण लावायचं. झाकण लागलेलं दिसलं म्हणजे आत आहे. दोन गेल्याची शंका आली तर स्वतः काड्या घालत बसू नका. तोंड टार्गेटकडेच ठेवून हात वर करा आणि रेंज ऑफिसरला बोलवा. छर्रा उलटा घालणारेही असतात. सपाट तोंड पुढे, पोकळ बाजू मागे.

हवेचं म्हणाल तर छर्रा ढकलणारी हवा ज्यात दाबून भरतात तो रायफलचा सिलिंडर घाईनं भरू नका. भरताना हवा तापते, दाबाचा काटा २०० बार दाखवतो, आणि लेनवर पोचेपर्यंत गार होऊन खाली आलेला असतो. सावकाश भरा, थोडं थांबा, पुन्हा काटा बघा. जोडाला तेल तर अजिबात नको, दाबाखाली ते पेटू शकतं. सिलिंडरवरची मुदतीची तारीखही एकदा वाचा. ती उलटलेला सिलिंडर तपासणीतच अडतो.

आणि ड्राय फायरचा, म्हणजे छर्रा न सोडता नुसता ट्रिगर दाबायच्या सरावाचा, खटका. घरी भिंतीसमोर सराव करून तो तसाच राहतो, लेनवर नुसतं 'टक्' होतं आणि माणूस रायफल उलटसुलट बघत बसतो. माझ्या बॅगेच्या चेनला एक लाल दोरा बांधलाय, खटका सरळ केला की सोडायचा. गेल्या रविवारी तो घरापासून रेंजपर्यंत तसाच बांधलेला होता.