उजनीच्या बॅकवॉटरला सूर्यास्ताचं लाँग एक्स्पोजर कसं घ्यायचं

उजनी धरणामागे साठलेल्या पाण्याच्या, म्हणजे बॅकवॉटरच्या काठावरच्या भिगवणला बहुतेक लोक फ्लेमिंगो बघायला जातात, पहाटे होडीत बसतात आणि जेवून दुपारी परत फिरतात. लाँग एक्स्पोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून लँडस्केप करायचं असेल तर बरोबर उलटं करा, दुपारी पुण्याहून निघा, सोलापूर हायवेने शंभरेक किलोमीटर आहे, आणि साडेचारच्या आत कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावर पोचा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जानेवारी संपता संपता साडेसहा होतात. आणि हिवाळ्यात तो सरळ पश्चिमेला न जाता बराच दक्षिणेकडे सरकून मावळतो, त्यामुळे आपण उभे आहोत तिथून तो पाण्यावर जातोय की शेतावर हे सूर्याची दिशा दाखवणाऱ्या ॲपवर घरूनच बघून ठेवा.

लवकर पोचायचं कारण म्हणजे फोटोत न हलणारी एक तरी वस्तू शोधायला वेळ लागतो. पाणथळ जागेत सगळंच हलतं हो, पाणी, ढग, पाणकणीस, पक्षी, दोरीला बांधलेली होडीसुद्धा. मिनिटभर शटर उघडं ठेवलं की या सगळ्याचं धुकं होतं आणि त्यात नजर ठरायला काहीच उरत नाही. जाळं बांधायचे रोवलेले खांब, पाण्यात वाळून उभं राहिलेलं झाड, गाळात रुतून बसलेली होडी, असलं काहीतरी बघा. तरंगती होडी घ्यायचीच असेल तर एक-दोन सेकंदांच्या वर जाऊ नका.

ट्रायपॉड गाळात हळूहळू बसतो आणि फोटो मोठा करून बघेपर्यंत ते कळत नाही. पाय आधी जोर लावून खाली दाबा, अगदीच मऊ असेल तर प्रत्येक पायाखाली डब्याचं रुंद झाकण ठेवा, मधला दांडा वर काढू नका, आणि शटर उघडं असताना तुम्हीही जागचे हलू नका कारण गाळातून धक्का थेट कॅमेऱ्यापर्यंत जातो.

आता सेटिंग. आयएसओ १००, ॲपर्चर एफ ८ ते एफ ११, रॉ फॉरमॅट, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. फोकस एनडी फिल्टर (लेन्ससमोर लावायची, उजेड कमी करणारी काळी काच) लावायच्या आधीच करा आणि मग मॅन्युअलवर टाका, कारण दहा स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) काळ्या काचेतून कॅमेऱ्याला नीट काही दिसत नाही. फिल्टरशिवाय शटरचा वेळ १/१५ सेकंद येत असेल तर सहा स्टॉपच्या एनडीने साधारण ४ सेकंद होतात आणि दहा स्टॉपच्या एनडीने मिनिटाच्या थोडं वर. ३० सेकंदांच्या पुढे बहुतेक कॅमेऱ्यांत बल्ब मोड (आपण बंद करेपर्यंत शटर उघडं राहतं तो) आणि रिमोट लागतो. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाका, मागून उजेड शिरतो.

माझं मत विचाराल तर दरवेळी दहा स्टॉप नको. बॅकवॉटरचं पाणी समुद्रासारखं उसळत नाही, बारीक तरंग मोडून प्रतिबिंब स्वच्छ करायला बरेचदा ५ ते १५ सेकंद पुरतात. मिनिट-दोन मिनिटं तेव्हाच, जेव्हा ढग आहेत आणि ते पळतायत. आभाळ कोरं असेल तर तेवढा वेळ थांबून फोटोत फार काही वाढत नाही. पुढे पाणकणीस असेल तर त्याचा एक वेगळा फोटो फिल्टर काढून, आयएसओ वाढवून, वारा थांबल्यावर घ्या आणि घरी दोन्ही जोडा. चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर मात्र बॅगेतच राहू द्या, तो ज्या कोनात चालतो तिथे पाण्यावरचं प्रतिबिंबच पुसतो आणि आपण तर त्याच्यासाठीच आलोय. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा कॅमेऱ्यावरचा आलेख) बघताना लाल चॅनल वेगळा बघा, सूर्यास्ताला सगळ्यात आधी तोच उडतो, म्हणजे जास्त उजेडाने त्यातले बारकावे जातात.

सूर्य बुडाला की लोक सामान आवरतात, तुम्ही थांबा. पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत खरा रंग येतो, बरेचदा वाराही पडतो, आणि फिल्टर न लावताच काही सेकंदांचं एक्स्पोजर मिळायला लागतं. फक्त उजेड झपाट्याने कमी होतो, चार मिनिटांचं एक्स्पोजर लावलं तर ते संपेपर्यंत तो निम्म्यावर आलेला असू शकतो, म्हणून हिशेबापेक्षा जास्त वेळ द्या. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे घालवणारी सोय) या वेळी बंद ठेवा, नाहीतर जेवढा वेळ फोटोला तेवढाच परत कॅमेरा अडकून बसतो आणि तेवढ्यात रंग निघून जातो.

उन्हाळ्यात पाणी बरंच खाली गेलं की पळसदेवला पळसनाथाचं जुनं मंदिर पाण्यातून वर येतं. या विषयासाठी उजनीत त्याहून चांगली न हलणारी गोष्ट मला तरी माहीत नाही. पण याच दिवसांत उघड्या पडलेल्या जमिनीवर टिटव्या आणि नदी सुरय अंडी घालतात, आणि ती अंडी मातीच्याच रंगाची असल्यामुळे पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. तेव्हा उजेड असतानाच जागा ठरवा, मळलेल्या वाटेनेच जा, आणि टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली तर कॉम्पोझिशन कितीही छान असो, आल्या वाटेने मागे फिरा.