क्युबरनेटिसमध्ये पहिल्यापासून ‘अप्लाय’च वापरा

क्युबरनेटिसवर (कंटेनरमधली अ‍ॅप्स अनेक मशीनवर चालवणाऱ्या प्रणालीवर) डिप्लॉयमेंट किंवा सर्व्हिस बनवताना त्यांचं वर्णन लिहिलेली यामल फाइल तयार असेल, तर क्यूबसीटीएल या तिच्या कमांड-टूलमधल्या ‘क्यूबसीटीएल क्रिएट’ऐवजी थेट ‘क्यूबसीटीएल अप्लाय’ चालवा. रिसोर्स (म्हणजे ती डिप्लॉयमेंट किंवा सर्व्हिस) दोन्हींनी बनतो. फरक नंतर कळतो.

अप्लाय करताना तुमच्या फाइलची प्रत त्या रिसोर्सच्याच अ‍ॅनोटेशनमध्ये (रिसोर्सला जोडलेल्या नोंदीत) साठवली जाते. पुढच्या वेळी ही जुनी प्रत, नवी फाइल आणि क्लस्टरमधली (क्युबरनेटिस चालवणाऱ्या मशीनच्या गटातली) सध्याची स्थिती, अशी तिन्हींची तुलना होते. म्हणून फाइलमधून काढलेली ओळ क्लस्टरमधूनही जाते. नुसत्या क्रिएटने ती प्रत राहतच नाही. मग एखादा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (अ‍ॅपला दिलेली सेटिंग) फाइलमधून खोडून पहिल्यांदाच अप्लाय केलं, तर एक वॉर्निंग येते आणि व्हेरिएबल मात्र पॉडमध्ये (अ‍ॅपचे कंटेनर ज्यात चालतात त्यात) तसाच राहतो. हे शोधून काढणं फार त्रासाचं, कारण गिटमधली फाइल अगदी बरोबर दिसत असते. क्रिएट करणं भागच असेल, तर सोबत ‘सेव्ह-कॉन्फिग’ हा पर्याय द्या.

घाईत ‘एडिट’ने थेट क्लस्टरमध्ये केलेला बदल त्याच दिवशी फाइलमध्ये उतरवा. फाइलमध्ये जुनी इमेज (कंटेनर जिच्यावरून बनतो ती) लिहिलेली असेल, तर पुढचं अप्लाय तीच परत आणणार. प्रॉडक्शनवर तर आधी ‘क्यूबसीटीएल डिफ’ चालवून काय बदलणार आहे ते वाचाच, कितीही घाई असो.

एक अपवाद: ‘जनरेटनेम’ (नावाचा शेवट क्युबरनेटिसनेच ठरवण्याची सोय) वापरणाऱ्या जॉबला (एकदा चालून संपणाऱ्या कामाला) अप्लाय चालत नाही, तिथे क्रिएटच लागतं.