पौषातल्या थंडीत गळ टाकण्यासाठी तलाव कसा निवडावा

कॅनडा, फिनलंड यांसारख्या देशांत भर हिवाळ्यात तलाव गोठतात आणि मित्रमंडळी बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडतात. तिथे तलाव निवडताना पहिला प्रश्न बर्फाच्या जाडीचा असतो, कारण माणसाचे वजन पेलण्यासाठी किमान १० सेंटिमीटर जाडीचा घट्ट, निर्मळ बर्फ लागतो असे मानले जाते. विदर्भात जानेवारीत गोंदिया-नागपूरकडे पहाटेचा पारा ८ अंशांपर्यंत उतरला, तरी तलावाचे पाणी त्याहून बरेच उबदार राहते आणि गोठण्याचा प्रश्न येत नाही. तरीही पायाखालची जमीन वजन पेलेल का आणि पाण्यातला मासा खाण्याच्या मनःस्थितीत आहे का, हे दोन प्रश्न आपल्यालाही चुकत नाहीत. त्यांच्याही आधी आपल्याकडे तिसराच एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे तलाव कोणाचा.

सुरुवात तिथूनच करावी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने यांतील अनेक तलाव धानाच्या शेतीसाठी बांधले. पुढे ते मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात राहिले, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारकडे आले. सरकारी कागदांत ते आजही ‘माजी मालगुजारी’ आणि बोलण्यात ‘मामा तलाव’ असतात. लहान तलाव बहुतेक जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे विभागाकडे असले, तरी मासे धरण्याचा हक्क ठेक्याने सहसा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेला असतो आणि तिचे सभासद प्रामुख्याने ढिवर समाजाचे असतात. पावसाळ्यात पैसे घालून त्यांनी पाण्यात बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्ले, सोडलेली असते. त्या पाण्यात परवानगीवाचून गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या वावरातली कणसे मोडण्यासारखे आहे, मग आपण ‘फक्त हौसेसाठी’ आलो असे कितीही सांगितले तरी.

परवानगी संस्थेच्या अध्यक्षाकडून किंवा सचिवाकडून घ्यावी, शक्यतो चिठ्ठीवर घ्यावी आणि तीत तारीख, माणसांची संख्या व गळांची संख्या लिहून घ्यावी. हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण एका तलावावर केवळ एका सभासदाच्या तोंडी होकारावर गेलो होतो. दुपारी बाराच्या सुमारास राखणीची पाळी असलेले दुसरे सभासद आले आणि त्यांनी अतिशय शांतपणे आम्हाला सामान गुंडाळायला लावले. त्यांचे काहीच चुकले नव्हते. काही संस्था गळामागे ठरावीक रक्कम घेतात, काही पकडलेल्या माशांचे वजनावर पैसे लावतात. जे ठरेल ते घासाघीस न करता आधीच द्यावे. शेतातली बोडी, म्हणजे लहान तळे, खाजगी असेल, तर शेतमालकाची संमती पुरते. गडचिरोलीत मात्र अनेक गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत आणि पाणवठ्यांतील मासळीवरचा हक्कही त्या कायद्यात येतो, त्यामुळे तिथे ग्रामसभेला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

काही ठिकाणे यादीतून सरळ वगळावीत. ताडोबाचा तलाव, नवेगाव राष्ट्रीय उद्यानातले पाणी, पेंचमधील तोतलाडोह आणि बोर व्याघ्र प्रकल्पातील जलाशय ही संरक्षित क्षेत्रे आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या अशा ठिकाणी हौसेने गळ टाकणे गुन्हा ठरतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे नावही दरवर्षी कोणीतरी उत्साहाने सुचवते. ते पाणी इतके खारट आणि क्षारयुक्त आहे की त्यात मासे जगत नाहीत, शिवाय तेही अभयारण्य आहे.

मालकीचा प्रश्न सुटला की पाण्याचा आकार पाहावा. बोडी लहान आणि उथळ असल्याने रात्रीच्या थंडीत लवकर गार होते आणि उन्हात लवकर तापते. त्यामुळे तिच्यात सकाळ बहुतेक वाया जाते आणि दुपारी दोन-तीन तास बरे जातात. अप्पर वर्धासारखे मोठे धरण याच्या उलट असते. त्याचे पाणी सावकाश गार होते, पण मासा कुठे आहे हे काठावरून कळत नाही, वारा मोकळा लागतो आणि नावेशिवाय हात चालत नाही. मित्रांच्या एका दिवसाच्या सहलीसाठी माझा कौल मधल्या आकाराच्या मालगुजारी तलावाला आहे. त्याची मातीची पाळ बांधताना माती बहुधा आतल्या बाजूनेच काढलेली असते आणि पाळ नैसर्गिक उताराच्या सखल बाजूला घातलेली असते, म्हणून सर्वांत खोल पाणी पाळीलगत आणि तुडुमाजवळ, म्हणजे नहरीत पाणी सोडण्याच्या जागेजवळ, सापडते. थंडीच्या सकाळी मासा त्या खोलीत बसून राहतो आणि ऊन चढल्यावर कंबरभर पाण्याकडे सरकतो. एकाच काठावरून दोन्ही जागा गाठता येणारा तलाव मिळाला, तर दिवसभर सामान हलवावे लागत नाही.

पाणी किती उरले आहे याची मात्र चौकशी करावी. धानाला शेवटचे पाणी देण्यासाठी दिवाळीच्या आसपास तुडुम उघडलेला असतो आणि पुढे कुठे गव्हाला, कुठे उन्हाळी धानाला पाणी जाते. म्हणून गणेशोत्सवात तुडुंब भरलेला पाहिलेला तलाव संक्रांतीला अर्धाही नसतो.

यानंतर एकदा, सहलीच्या किमान चार-पाच दिवस आधी, दोघांनी जाऊन तलाव भर दिवसा पाहून यावे. या फेरीला पर्याय नाही. पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली जमीन वरून वाळून भेगाळते आणि भरवशाची दिसते, पण त्या पापुद्र्याखाली गाळ ओलाच असतो. बर्फावर चालणारे लोक पुढे टोकदार दांडा आपटत जातात, तसे इथे जाड काठी पुढे रोवत जावे. काठी वीतभर सहज शिरली, तर तिथे माणूस गुडघ्यापर्यंत जाणार हे नक्की. पश्चिम विदर्भातल्या काळ्या मातीच्या काठावर ही अडचण अधिक असते आणि मुरमाड, रेताड काठावर कमी. जनावरे रोज जिथून पाण्यावर उतरतात, ती वाट सर्वांत विश्वासाची असते, कारण म्हशीचे वजन आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे.

दुसरा धोका गाळ उपसलेल्या तलावांचा आहे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत अनेक तलावांतला गाळ यंत्रांनी काढला गेला आणि तो शेतात टाकला गेला. तलावाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले, पण खोदकाम सारखे झाले नसेल, तर पाण्याखाली एकदम दोन पुरुष खोल खड्डे राहतात. मासा अशा खड्ड्याच्या कडेला नक्की थांबतो आणि म्हणूनच माणसालाही तिथेच जावेसे वाटते. खड्डे कुठे आहेत हे गावातल्या गुराख्याला विचारावे आणि कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये. पोहता येणाऱ्यालाही नाही, कारण थंड पाण्यात अंगावर कपडे असताना पोहणे ही वेगळीच गोष्ट आहे.

त्याच फेरीत ऊन आणि वारा पाहावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून तलावाच्या उत्तर काठाला सर्वांत जास्त वेळ ऊन मिळते आणि मागे झाडी असेल तर उत्तरेचा गार वारा अडतो. ही जागा बसणाऱ्यांसाठी उत्तम असते आणि तिथले उथळ पाणीही लवकर तापते. पण वारा दिवसभर एका दिशेने वाहत असेल, तर वरचे कोमट पाणी आणि त्याच्यासोबत बारीकसारीक खाद्य समोरच्या काठाकडे ढकलले जाते, आणि दुपारनंतर मासा तिकडे अधिक लागतो. म्हणून सकाळी उत्तर काठ आणि दुपारी वाऱ्याचा काठ असे फिरता येईल, इतकी पाळ चालण्याजोगी असावी. पाळीवर बेशरमची झुडपे माजली असतील, तर गळ मागे फेकायलाही जागा राहत नाही. पाण्यात शिंगाड्याचे वेल असतील, तर तो भाग सोडून द्यावा. गळ अडकतो हे एक, आणि ते शिंगाडे कोणाच्या तरी मेहनतीचे असतात हे दुसरे.

आता माशांविषयी. रोहू, कतला आणि मृगळ हे संस्थेने सोडलेले मासे पाणी गार झाले की कमी खातात आणि सावकाश खातात. त्यांच्यासाठी कणकेचा किंवा ढेपेचा लहान गोळा तळाजवळ ठेवून धीर धरावा लागतो. मरळ अधूनमधून हवा घ्यायला वर येते, त्यामुळे पाणवनस्पतींच्या कडेला पृष्ठभागावर होणारी हालचाल पाहून ती तलावात आहे की नाही हे कळते. तिला गांडूळ किंवा लहान मासोळी लागते. तिलापिया ज्या तलावात माजला आहे, तिथे नवशिक्या मित्रांचा दिवस रिकामा जात नाही, मात्र तोही थंडीत सुस्तावतो. जुलै-ऑगस्टमध्ये सोडलेली बोटुकली जानेवारीत अजून लहान असते, म्हणून तळहाताएवढा रोहू लागला तर तो ओल्या हातानेच सोडवून परत सोडावा.

संस्थेच्या लोकांना विचारण्याचा सर्वांत उपयोगी प्रश्न कोणता, असे कोणी विचारले तर मी सांगेन की ‘शेवटचे जाळे कधी ओढले’ हा. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी किंवा त्याच पहाटे जाळे ओढण्याची अनेक गावांत रीत असते, आणि पाणी असे ढवळून निघाल्यावर मासा दोन-तीन दिवस बिथरलेला राहतो. बाजार शनिवारी असेल, तर रविवारची सुट्टी आपल्याला सोयीची आणि माशाला गैरसोयीची असते. अशा वेळी बुधवार-गुरुवारी रजा टाकावी किंवा दुसऱ्या बाजाराचे गाव शोधावे. जुन्या ढिवर मंडळींजवळ थोडा वेळ बसून, चहा घेऊन हे विचारले, तर ते तलावाचा तळ हातावर काढून दाखवतात. घाईने आणि फोनवर विचारले तर ‘मासे आहेत’ एवढेच उत्तर मिळते.

मंडळींचा विचार करताना अंतरापेक्षा वेळ मोजावी. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या भागांत जंगलालगतच्या तलावांवर वाघ पाण्याला येतो आणि तिथल्या गावांनी त्याची किंमत मोजलेली आहे. अशा तलावावर सूर्य वर आल्यावरच पोहोचावे, सूर्य मावळण्याआधी निघावे आणि एकट्याने झाडीआड जाऊ नये. हे जमणार नसेल, तर शेतांच्या मधोमध असलेला, गावाला दिसणारा तलाव निवडावा. थंडीत पहाटेला तसाही मासा लागत नाही, त्यामुळे आठ वाजता पोहोचण्यात काही गमावत नाही. हिवाळी पाहुण्या पक्ष्यांचे थवे किंवा गोंदियाकडे सारसाची जोडी ज्या काठावर उतरते, तो काठ पक्ष्यांकडे राहू द्यावा. पानगे आणि वांग्याच्या भाजीचा बेत असेलच, तर चूल पाळीवरच्या उघड्या जागेत मांडावी, कारण या दिवसांत आजूबाजूला तणसाचे ढीग असतात आणि एक ठिणगी एखाद्याच्या जनावरांचा वर्षाचा चारा संपवू शकते.

शेवटी दोन तलाव ठरवावेत, एक नाही. आदल्या संध्याकाळी गावात फोन करून नहरीला पाणी सोडले आहे का, जाळे पडले आहे का आणि आभाळ कसे आहे हे विचारावे. सलग तीन-चार दिवस ऊन पडून गेले असेल तर ठरलेल्या तलावावर जावे. आभाळ भरून आले असेल आणि दिवसाही गारठा हटत नसेल, तर उथळ पाण्याचा नाद सोडून दोहोंपैकी अधिक खोल तलाव धरावा आणि गळ तुडुमाच्या बाजूला टाकावा. तिथल्या चिठ्ठीवरही तारीख आधीच घातलेली असावी.