पीएचपीमधले तयार एक्सेप्शन, कुठला कधी वापरायचा

देवगडच्या हापूसच्या ऑर्डर घेणारी साईट पीएचपीत करताय ना, मग सगळीकडे नुसतं एक्सेप्शन, म्हणजे काहीतरी बिघडलं हे कळवणारा मूळ क्लास, थ्रो करू नका (फेकू नका), भाषेत बरेच प्रकार तयार आहेत ते वापरा. कोडमधलीच चूक असेल, म्हणजे फंक्शनला पेट्यांची संख्या उणे 2 पाठवली, तर इनव्हॅलिड-आर्ग्युमेंट-एक्सेप्शन, तो लॉजिक-एक्सेप्शनचाच प्रकार. आणि जे चालू असतानाच कळतं, समजा पेमेंटच्या सर्व्हरने उत्तरच दिलं नाही, तिथे रनटाईम-एक्सेप्शन.

आता खरी गोम इथे आहे, 2015 च्या पीएचपी 7 पासून टाईप-एरर (चुकीच्या प्रकारचा डेटा दिल्यावर येणारा) वगैरे मंडळी एरर या वेगळ्या क्लासखाली येतात, एक्सेप्शन कॅच करून, म्हणजे पकडून, ती हाती लागतच नाहीत. पेट्या शून्य असताना पेटीमागे गाडीभाडं काढायला गेलात की पीएचपी 8 मध्ये डिव्हिजन-बाय-झिरो-एरर येतो, तोही तसाच निसटतो. म्हणून अगदी बाहेरच्या थरात थ्रोएबल, म्हणजे एक्सेप्शन आणि एरर दोन्ही ज्यात येतात तो प्रकार, पकडा, लॉगमध्ये सगळं लिहा आणि गिऱ्हाइकाला साधा मराठी मेसेज दाखवा. आत मात्र नेमका प्रकारच पकडायचा, आणि कॅच लावताना नेमका क्लास आधी, मोठा नंतर, उलटं केलंत तर खालचा ब्लॉक कधी चालणारच नाही.