अमेरिकेच्या जुन्या जनगणनेतला 'वंश' कसा वाचावा

एकच कुटुंब १९२० आणि १९३०च्या तक्त्यांत शोधा. नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात, त्यामुळे १९५०पर्यंतचे तक्ते पाहता येतात. 'रंग किंवा वंश' हा रकाना १९२०मध्ये दहावा, १९३०मध्ये बारावा. दोन्हींतली अक्षरं शेजारी-शेजारी उतरवा. १९२०चा 'मुलॅटो' (गोऱ्या-काळ्या मिश्र वंशाचा) १९३०मध्ये 'निग्रो' झालेला दिसेल: माणूस तोच, प्रगणकांच्या सूचना बदललेल्या.

हमखास गफलत होते ती इथे. १९३०चं 'इन' म्हणजे 'इंडियन', पण भारतीय नव्हे, तिथले मूळ रहिवासी. भारतातून गेलेले 'हिन'मध्ये, म्हणजे 'हिंदू'. त्यातले बरेचसे पंजाबी शीख, पण धर्म विचारतो कोण! शिवाय १९६०पूर्वी हा रकाना बहुधा प्रगणकच भरायचा. ते त्या माणसाचं स्वतःचं उत्तर समजू नका.

मग सातवा रकाना: 'ओ' म्हणजे घर मालकीचं, 'आर' म्हणजे भाड्याचं. कॅलिफोर्नियात 'हिन'पुढे 'आर' दिसला तर भगतसिंग थिंड या शीख स्थलांतरिताचा १९२३चा नागरिकत्वाचा खटला आठवा. त्यात भारतीय 'गोरे' ठरले नाहीत, म्हणून नागरिकत्वाला अपात्र. आणि अपात्रांना तिथल्या कायद्यानं शेतजमीन घेता येत नव्हती. १९७०मध्ये मात्र भारतीयांची मोजणी गोऱ्यांत झाली, १९८०ला पुन्हा वेगळी.