गटात शेअरचे सौदे सांगण्याचे नियम कसे ठरवावेत

कार्यालयातील सहकारी, जुने वर्गमित्र किंवा एकाच सोसायटीतील रहिवासी मोबाइलवर गट करून शेअर बाजाराबद्दल बोलू लागले, की थोड्याच दिवसांत कोणीतरी लिहितो, ‘मी आज अमुक शेअर घेतला.’ वाक्य निरुपद्रवी दिसते, पण ते अर्धेच असते. किती वाजता घेतला, कोणत्या भावाने, आपल्या एकूण गुंतवणुकीच्या किती टक्के, आणि मुख्य म्हणजे विकताना आम्हाला सांगणार का, यांपैकी कशाचेही उत्तर त्यात नसते. गटातील पुढची सगळी भांडणे या न दिलेल्या उत्तरांतून उगवतात. म्हणून सदस्य वाढण्याआधी, आणि शक्यतो बाजार शांत असताना, नियम लिहून ठेवावेत.

सर्वप्रथम गटाची मर्यादा ठरवावी. येथे सदस्य स्वतः केलेला सौदा सांगेल. इतरांनी काय करावे हे सांगणार नाही. हा केवळ शिष्टाचार नाही. मोबदला घेऊन गुंतवणूक सल्ला देण्याचा व्यवसाय करणाऱ्याला शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या २०१३ च्या नियमांनुसार गुंतवणूक सल्लागार म्हणून, आणि शेअरविषयी संशोधन व शिफारशी विकणाऱ्याला २०१४ च्या नियमांनुसार संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी करावी लागते. मोबदला रोखीतच असावा असेही नाही. त्यामुळे सभासद शुल्क, नफ्यातील वाटा आणि डिमॅट खाते उघडून दिल्याबद्दल ब्रोकरकडून मिळणारे कमिशन या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी बंद कराव्यात. एकमेकांचे पैसे एकत्र करून खरेदी करणे किंवा दुसऱ्याच्या खात्याचा पासवर्ड वापरणे तर नकोच.

त्यानंतर नोंदीचा साचा ठरवावा. शेअरचे नाव, खरेदीची तारीख, भाव, एकूण गुंतवणुकीतील टक्का, खरेदीचे कारण दोन ओळींत आणि कोणत्या परिस्थितीत बाहेर पडणार हे, एवढे पुरते. रुपयांतील रक्कम मागू नये. एकाची पाच लाखांची खरेदी वाचून दुसरा उगाच दबतो किंवा उगाच फुशारतो, आणि घरची आर्थिक स्थिती चारचौघांत उघडी पडते ती वेगळीच. टक्का मात्र अवश्य मागावा. एकूण गुंतवणुकीचा अर्धा टक्का घालून गंमत पाहणारा आणि पंधरा टक्के घालून रात्रभर जागणारा, दोघेही ‘घेतला’ असेच लिहितात.

नोंद कधी करायची याबाबत माझे मत ठाम आहे: बाजार साडेतीनला बंद झाल्यानंतर, पण त्याच दिवशी. बाजार चालू असताना संदेश आला, की वाचणारा विचार न करता ऑर्डर टाकतो. संध्याकाळी आला, तर त्याला कंपनीचा ताळेबंद उघडून पाहायला रात्र मिळते. शिवाय एक्सचेंज दररोज प्रत्येक शेअरचा उच्चांक आणि नीचांक प्रसिद्ध करते, त्यामुळे कोणी त्या पट्ट्याबाहेरचा भाव सांगितला तर तो लगेच पकडला जातो. इंट्राडे (एकाच दिवशी घेऊन विकण्याचे) आणि फ्युचर्स-ऑप्शन्सचे (शेअरच्या पुढील भावावर आधारलेल्या करारांचे) सौदे मी या व्यवस्थेत घेणारच नाही. ते संध्याकाळी सांगून उपयोग नसतो आणि दुपारी सांगणे धोक्याचे असते. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत समभागांच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले होते. तेव्हा त्या बाजूला गटाने एकमेकांना ओढू नये हेच बरे.

आता सर्वांत नाजूक प्रश्न, क्रमाचा. समजा, एखाद्या छोट्या कंपनीच्या शेअरची रोजची उलाढाल आठ लाख रुपये आहे. एका सदस्याने तो महिनाभर हळूहळू गोळा केला आणि मग गटात सांगितले. साठ जणांनी वीस-वीस हजारांची खरेदी करायची म्हटली तर बारा लाखांची मागणी झाली, म्हणजे दिवसभराच्या उलाढालीच्या दीडपट. शेअरला पाच टक्क्यांचे अप्पर सर्किट (एका दिवसातील भाववाढीची कमाल मर्यादा) लागते, विकायला कोणी नसते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विकणारा नेमका तोच निघतो. त्याने एक शब्दही खोटा सांगितलेला नसतो. तरीही गट त्याचा गिऱ्हाईक झालेला असतो. हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर कसा होऊ शकतो, हे मार्च २०२३ मध्ये सेबीने काढलेल्या अंतरिम आदेशांवरून दिसते. यूट्यूबवरील दिशाभूल करणाऱ्या चित्रफितींमुळे दोन छोट्या कंपन्यांचे शेअर लहान गुंतवणूकदारांनी चढ्या भावात घेतले आणि त्याच काळात आतल्या मंडळींनी ते विकले, असा त्यांत आरोप होता.

यावर चार नियम एकत्र लागतात. ज्या शेअरची गेल्या वीस सत्रांतील (बाजार चालू असलेल्या दिवसांतील) सरासरी रोजची उलाढाल गटाच्या संभाव्य एकत्रित खरेदीच्या किमान शंभरपट नाही, तो शेअर गटात सांगू नये. आधीपासून जवळ असलेला शेअर सांगताना तो कधीपासून आणि कोणत्या भावाचा आहे हे पहिल्याच ओळीत लिहावे. सांगितल्यानंतर पाच सत्रे विक्री करू नये. आधीच जाहीर केलेला स्टॉपलॉस (तोटा थांबवण्यासाठी ठरवलेला विक्रीभाव) लागला तर मात्र ती बंदी नाही. आणि त्यानंतरही विक्रीचा निर्णय रात्री सांगावा, विक्री दुसऱ्या दिवशी करावी. पाच सत्रांचा आकडा मी हवेतून काढलेला नाही. संशोधन विश्लेषकांना अहवाल प्रसिद्ध होण्याआधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस त्या शेअरमध्ये व्यवहार करता येत नाही, त्यावरून तो घेतला आहे. आपण व्यावसायिक नसल्यामुळे आधीच्या ३० दिवसांची अट जशीच्या तशी लावणे अवघड आहे. तिची जागा जुनी खरेदी जाहीर करण्याच्या नियमाने भरून काढावी.

चौथ्या नियमावर हमखास कुरकुर होते: ‘मी आधी सांगितले आणि सगळ्यांनी माझ्याआधी विकले तर?’ उलाढालीची अट पाळली असेल तर भावावर फारसा परिणाम होत नाही, आणि थोडा झालाच तर तो भार सांगणाऱ्याने उचलणे न्याय्य आहे, कारण खरेदी सांगण्याची सक्ती त्याच्यावर कोणी केली नव्हती.

तोट्याच्या बाबतीत आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची. नफ्याचा स्क्रीनशॉट येतो, तोट्याचा संदेश ‘सर्वांसाठी डिलीट’ होतो. म्हणून नोंद पुसण्यास मनाई असावी. चूक झाल्यास दुरुस्तीचा नवा संदेश टाकावा. सर्व नोंदी एका सामाईक तक्त्यात उतरवण्याचे काम गटात सर्वांत कमी सौदे करणाऱ्याकडे द्यावे. स्क्रीनशॉट पुरावा मानू नये, तो बनवता येतो. शंका आल्यास पॅन आणि ग्राहक क्रमांक झाकून कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्याची ब्रोकरकडून मिळणारी अधिकृत नोंद) दाखवावी. भाव पडल्यावर आणखी घेऊन सरासरी खाली आणली असेल तर प्रत्येक खरेदी स्वतंत्र नोंदवावी. न विकलेला तोटा म्हणजे तोटाच नव्हे, ही समजूत तक्त्यात चालत नाही. महिनाअखेरच्या बंद भावाने तो मांडावा. खर्चही धरावा. डिलिव्हरीच्या (शेअर प्रत्यक्ष खात्यात जमा होणाऱ्या) खरेदीवर आणि विक्रीवर प्रत्येकी ०.१ टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरील कर) लागतो आणि २३ जुलै २०२४ पासून अल्पकालीन भांडवली नफ्यावर २० टक्के कर आहे. शेवटी त्याच काळातील लाभांशासह निफ्टी ५० या बाजार निर्देशांकाच्या परताव्याचा स्तंभ शेजारी ठेवावा. गटातील अनेक नावाजलेले सदस्य या एका स्तंभाने अबोल होतात.

आतल्या, म्हणजे कंपनीने अजून जाहीर न केलेल्या, माहितीबाबत मात्र सवलत नको. सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीत काम करणाऱ्याने आपल्या कंपनीच्या शेअरविषयी काहीही लिहू नये, तिच्या पुरवठादारांविषयीही नाही. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास होईपर्यंत अशा कर्मचाऱ्यांपैकी आतली माहिती हाती येणाऱ्यांना आपल्या कंपनीच्या शेअरमध्ये व्यवहाराची बंदी असते, हे गटातील इतरांनाही ठाऊक असावे. निकालाचे आकडे आधीच फिरवणारा संदेश आला तर ‘फॉरवर्ड आहे’ एवढ्याने जबाबदारी झटकू देऊ नये. तो संदेश कोणी पुढे पाठवू नये आणि त्यावर सौदाही करू नये.

शिक्षा साधी ठेवावी: पहिल्या चुकीला गटात जाहीर दुरुस्ती, दुसऱ्या चुकीला तीन महिने फक्त वाचण्याची परवानगी, आणि सांगून लगेच विकल्याचे उघड झाल्यास थेट बाहेर. अॅडमिनलाही हेच लागू असावे, आणि त्याच्याविरुद्धच्या तक्रारीचा निर्णय त्याने स्वतः घेऊ नये. नवीन सदस्याने पहिला महिना सौदा सांगू नये, जुना तक्ता वाचावा. नियम लागू होण्यासाठी तिमाहीचा पहिला दिवस निवडावा, आणि त्या दिवशी प्रत्येकाने, अॅडमिनपासून सुरुवात करून, गटात पूर्वी चर्चा झालेल्यांपैकी आज आपल्याकडे असलेले शेअर आणि त्यांचे खरेदीभाव लिहावेत. जो ही यादी देणार नाही, त्याला गटात राहू द्यावे, पण सौदा सांगू देऊ नये.