रिपोर्ट नॉर्मल, तरी मूल बोलत नाही : जनुकीय तपासणीच्या वेळी या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे पालक मुलाच्या जनुकीय तपासणीसाठी बहुधा नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठतात आणि परतल्यावर घरी एकच वाक्य सांगतात, "रिपोर्ट नॉर्मल शे." या वाक्यासरशी पुढचा शोध थांबतो. माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे.

कॅरिओटाइप तपासणीत गुणसूत्रांची संख्या आणि त्यांतील मोठे फेरफार कळतात. जनुक जागेवर असूनही बंद पडलेले असेल, तर ते तिच्यात दिसत नाही. मुलांची बौद्धिक वाढ आणि बोलणे मागे पाडणाऱ्या फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम या आनुवंशिक आजारात नेमके हेच घडते. एक्स गुणसूत्रावरील एफएमआर१ जनुकाच्या आरंभी सी-जी-जी ही डीएनएची तीन अक्षरे एरवी लागोपाठ ४५ पेक्षा कमी वेळा येतात. ती २०० च्या पुढे गेली, की त्या भागावर मिथाइल गट (जनुक बंद करणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा) चढतात, पेशी ते जनुक वाचेनाशी होते आणि मेंदूतील पेशींच्या जोडण्यांना लागणारे प्रथिन तयार होत नाही. ही पुनरावृत्ती नेहमीच्या एक्झोम तपासणीतूनही (जनुकांच्या प्रथिने घडवणाऱ्या भागांच्या वाचनातूनही) भरवशाने मोजता येत नाही. त्यामुळे फ्रॅजाइल एक्सची स्वतंत्र तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना नाव घेऊन विचारावे.

या आजारात घराण्याचा इतिहास फार बोलका असतो, पण तो अर्धवट सांगितला जातो. सी-जी-जीची संख्या ५५ ते २०० च्या दरम्यान असलेल्या काही स्त्रियांची पाळी चाळिशीच्या आत थांबते, तर काही पुरुषांना उतारवयात हात थरथरणे आणि तोल जाणे सुरू होते. म्हणून आईच्या वडिलांचा कंप, मावशीची लवकर गेलेली पाळी, मामाचे शाळेत मागे पडणे या गोष्टी लाज न बाळगता सांगाव्यात. त्यावरून सुनेला किंवा तिच्या माहेराला बोल लावणे मात्र अन्यायाचे आहे, कारण ही संख्या पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या नकळत वाढत आलेली असते. मुख्यतः मुलींत आढळणाऱ्या, शिकलेले बोलणे आणि हातांचा वापर हिरावणाऱ्या रेट सिंड्रोममध्ये तर एमईसीपी२ जनुकातील बदल बहुतेक वेळा आईवडिलांत नसतोच, तो नव्याने घडलेला असतो. गरोदरपणी पाळलेल्या किंवा न पाळलेल्या ग्रहणाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

काही जनुकांच्या बाबतीत ते आईकडून आले की वडिलांकडून, यावर सारे अवलंबून असते. मेंदूच्या चेतापेशींत यूबीई३ए जनुकाची आईकडून आलेली प्रतच चालते, वडिलांकडची गप्प असते. आईकडची प्रत हरवली किंवा बिघडली, तर अँजेलमन सिंड्रोम हा वाढ आणि बोलणे खुंटवणारा आजार होतो. त्यासाठी आधी हे जनुक ज्यावर असते त्या १५ व्या गुणसूत्राची मिथिलेशन तपासणी (मिथाइल खुणांची तपासणी) करतात. ती नॉर्मल आली आणि लक्षणे तरीही जुळत असली, तर तिथे न थांबता यूबीई३एचे वाचन करून घ्यावे लागते.

"बंद जनुक चालू करणारे" चूर्ण किंवा थेंब विकणाऱ्यांपासून कळकळीने सावध करावेसे वाटते. २००७ मध्ये शास्त्रज्ञ एड्रियन बर्ड यांच्या गटाने उंदरांत एमईसीपी२ पुन्हा सुरू केल्यावर रेटची लक्षणे बऱ्याच अंशी मागे गेली, हे खरे आहे. पण त्या उंदरांत हे जनुक पुन्हा सुरू करण्याची सोय मुद्दाम आधीच केलेली होती. शिवाय ठिबकचे पाणी कमी पडले तर केळी सुकते आणि जास्त झाले तर तिची मुळे कुजतात, तसेच या जनुकाचे आहे. त्याची प्रत दुप्पट झाली, तरी मुलग्यांना गंभीर आजार होतो.

रिपोर्टमध्ये "अर्थ अनिश्चित असलेला बदल" असे लिहिले असेल, तर ते निदान नव्हे. त्यावरून पुढच्या गर्भाविषयी निर्णय घेऊ नये. आईवडिलांचे नमुने तपासल्याने कधी कधी उलगडा होतो. तपासणीची मूळ माहिती जपून ठेवावी आणि एकदोन वर्षांनी ती पुन्हा वाचून घेण्याची विनंती करावी.

रिपोर्टची वाट पाहत थेरपी लांबवणे हीसुद्धा चूकच आहे. मूल बोलत नसेल, तर आधी त्याची श्रवणतपासणी करावी. जनुकाचे नाव कळो वा न कळो, वाचाउपचार, व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) आणि घरातला रोजचा सराव त्याच आठवड्यात सुरू करता येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीसाठी येणाऱ्या पथकाकडून त्या केंद्रासाठीची चिठ्ठी मागून घ्यावी आणि जाताना आजवरचे सर्व रिपोर्ट, नॉर्मल म्हणून बाजूला ठेवलेलेसुद्धा, सोबत न्यावेत.